परतीचा काळ

आई गेली त्या महिन्यात माझा अंक एकोणीसने वाढला.

नदाफबाईंनी फोन करून सांगितलं. त्यांचं ऑफिस मिरजेत एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे आणि पाटीवर ‘गृहकर्ज सातत्यांक सल्ला’ असं लिहिलेलं आहे. आधी त्यांनी आईचं दिवसकार्य नीट झालं का ते विचारलं. मग म्हणाल्या की हे आत्ता सांगावं की नाही कळत नव्हतं, पण सहाशे चौऱ्याण्णववरून सातशे तेरा झालाय. मी बरं म्हटलं. माझ्या हातात आईची औषधांची डबी होती, सात खणांची. मंगळवारपर्यंतचे खण रिकामे, बुधवारपासून पुढचे भरलेले. ती कुठे ठेवायची हे ठरत नव्हतं, म्हणून मी ती परत फ्रिजवर, होती तिथेच ठेवली.

सातत्यांक आता सगळ्यांना माहीत आहे, पण तो आला कुठून हे फारसं कुणी विचारत नाही. मी शोधलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे ती सवय आहे. सुरुवात एका पुलापासून झाली. नदीवरच्या एका जुन्या पुलाला संशोधकांनी कंपनं मोजणारी यंत्रं लावली होती. ट्रक गेला की पूल हादरतो आणि काही सेकंदांत पुन्हा स्थिर होतो. त्यांना असं दिसलं की पुलाला तडा दिसायच्या कितीतरी आधी हा स्थिर व्हायला लागणारा वेळ वाढत जातो. त्या वेळेला त्यांनी परतीचा काळ असं नाव दिलं. पूल किती हादरला यावरून फार काही कळत नव्हतं. परत यायला त्याने किती वेळ घेतला, यावरून सगळं कळत होतं.

त्याच गटातल्या एकीने पुढे हे माणसांना लावून पाहिलं. माणसालाही रोजची लय असते. दिवा किती वाजता लागतो, पाण्याचा मीटर कधी फिरतो, कुणाला फोन जातो, कोणत्या बसचं तिकीट निघतं. नोकरी गेली, आजारपण आलं, घरात कुणी गेलं, की ती विस्कटते. काहींची तीन आठवड्यांत जागेवर येते, काहींची वर्षभर येत नाही. लाखभर लोकांच्या जुन्या नोंदी ताडून पाहिल्यावर निघालं की कर्ज कोण फेडणार हे पगारापेक्षा या परतीच्या काळावरून जास्त अचूक सांगता येतं. बँकांना हे फार आवडलं. आयुष्यात एकही हप्ता न भरलेल्या माझ्यासारख्यांनाही ते सोयीचं होतं, कारण आधी आम्हाला जुनं कर्ज नाही म्हणून नवंही नाही, असं ऐकून परत यावं लागे. आता संमतीपत्रावर सही करायची, सहा महिने नेहमीसारखं जगायचं आणि अंक सातशे वीसच्या वर न्यायचा. जुलैत मी सही केली तेव्हा माझा सहाशे एक्काहत्तर होता.

नेहमीसारखं जगणं किती अवघड असतं ते सही केल्यावर कळतं. आमच्याकडे त्याला ‘अंकावर असणं’ म्हणतात. अंकावर असलेला माणूस लग्नाला आला नाही तरी कुणाला राग येत नाही. आमच्या ग्रंथालयातले घाटगे सर गेल्या वर्षी अंकावर होते. सही केली त्या मंगळवारी त्यांनी सहज पाव किलो भडंग घेतलं होतं, म्हणून पुढे सहा महिने दर मंगळवारी पाव किलो भडंग. ते संपवायचं काम आम्हा सगळ्यांवर यायचं. त्यांच्या बायकोने एक मोठं भांडण मंजुरीपत्र हातात येईपर्यंत पुढे ढकललं आणि पत्र आल्यावर सवडीने केलं. हे सर स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

मला घर हवं होतं ते आम्ही बावीस वर्षं भाड्याने राहत होतो तेच. सांगलीत विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मालक मगदूमकाका मुलाकडे बंगळूरला कायमचे निघाले होते. त्यांनी आईला सांगितलं की आधी तुम्हाला विचारतो, संक्रांतीपर्यंत थांबतो, भाव वाढवत नाही. त्या संध्याकाळी आई भिंतींकडे बघत बसली होती. काका माणूस चांगला, पण भिंतीला खिळा मारलेला त्यांना खपत नसे. बाबांचा फोटो बावीस वर्षं कपाटावर टेकवून ठेवलेला होता. दार जोरात लागलं की तो घसरायचा आणि आई तो पुन्हा सरळ करायची.

“घर झालं की पहिला खिळा मी मारणार,” आई म्हणाली. “कुठे मारायचा ते ठरलंय माझं.”

कुठे, ते मी विचारलं नाही. मारेल तेव्हा दिसेलच, असं वाटलं.

आता दोन रिंगांचं सांगायला हवं.

मी जयसिंगपूरच्या कॉलेजात लागले तेव्हापासूनची ही पद्धत. सकाळी पोचले की मी आईला फोन लावायचा, दोन रिंग होऊ द्यायच्या आणि कट करायचा. म्हणजे पोचले. दुपारी जेवण झालं, गोळी घेतली, की आईने मला तसंच करायचं. कॉलला पैसे पडायचे तेव्हा हे सुरू झालं आणि पैसे पडायचे थांबल्यावरही आम्ही ते सोडलं नाही. उचलायचं नाही, हा नियम. तिसरी रिंग वाजली तर मात्र उचलायचं, कारण तिसरी म्हणजे काहीतरी झालंय. चौदा वर्षांत तिसरी वाजली नव्हती.

नदाफबाईंनी माझ्या नोंदींचा आलेख पहिल्यांदा उघडला तेव्हा त्या खुर्चीत पुढे सरकल्या. माझं बाकी सगळं बेताचंच होतं. पण एक ओळ होती. रोज दुपारी सव्वाच्या आसपास, एकाच नंबरवरून, शून्य सेकंदांची, चौदा वर्षं. पुराच्या आठवड्यातसुद्धा खाडा नाही.

“ताई, ही कोण?”

“आई.”

“बोलत नाही का तुमच्याशी?”

मी समजावून सांगितलं. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या की अशी ओळ त्यांनी अजून कुणाची पाहिली नाही. यंत्राला त्यातून इतकंच कळतं की एक माणूस दुसऱ्याला एकही दिवस विसरलेला नाही, आणि माझ्या अंकाचा निम्मा भार त्याच्यावर उभा आहे. तेव्हा या ओळीला हात लावायचा नाही. एक कॉल जरी उचलला तरी चौदा वर्षांच्या सपाट शून्यात तो डोंगरासारखा दिसेल.

ऑगस्टच्या शेवटी तिसरी रिंग वाजली. मी धावत जाऊन फोन उचलला. आई म्हणाली, बोट चुकलं गं, कटच होईना. ती हसत होती. त्या आठवड्यात अंक सहाने उतरला. तिला ते सांगायची काही गरज नव्हती. मी सांगितलं.

ती म्हणाली, “आता घर होईपर्यंत उचलू नकोस. तीन वाजू देत नाहीतर चार. माझं बोट हल्ली चुकतंच.”

सतरा सप्टेंबरला, बुधवारी, दुपारी एक वाजून चौदा मिनिटांनी माझा फोन वाजला. मी परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. फोन शेजारच्या टेबलावर होता, हात लांब केला असता तर पोचला असता. दोन वाजल्या. तिसरी वाजली. मी स्क्रीनवर आईचं नाव पाहिलं आणि हातातलं पुस्तक त्याच्या जागी सरकवलं. चार. पाच. मग थांबला.

आपण एकदा लावून बघावा, असं मनात आलं होतं. पण दुपारी मी आईला कधी फोन करत नसे, तेही नेहमीचं नव्हतं. संध्याकाळी विचारू, असं मी ठरवलं.

एक पन्नासला शेजारच्या गोदाकाकूंचा फोन आला. त्या वाटी परत द्यायला आल्या होत्या. आई ओट्याला टेकून खाली बसलेली होती आणि फोन तिच्या मांडीवर होता. मी नंतर डॉक्टरांना विचारलं की आधी कळलं असतं तर. ते प्रामाणिक होते. म्हणाले, सांगता येत नाही.

मी रडले नाही. त्यात धीराचा काही भाग नव्हता. रडायला जे लागतं ते सापडत नव्हतं, चष्मा सापडत नाही तसं. बारावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या सात चाळीसच्या एसटीने कामावर गेले. दिवे वेळेवर लागले, पाण्याचा मीटर वेळेवर फिरला, शनिवारी दळण आणलं. यंत्राने हे सगळं पाहिलं आणि ठरवलं की या बाईचा परतीचा काळ तेरा दिवस आहे, जिल्ह्यातल्या उत्तम नोंदींपैकी एक. एकोणीस गुण त्याचे होते.

राहिली आईची ओळ. तिच्याबद्दल नदाफबाई तिसऱ्या दिवशी भेटायला आल्या तेव्हाच बोलल्या होत्या, माझ्याकडे न बघता. मृत्यूची नोंद महापालिकेतून सातत्य केंद्रात, म्हणजे अंक काढतात तिथे, पोचायला नव्वद दिवस लागतात. त्याआधी नंबर बंद पडला तर ओळ तुटली असं धरतात. नोंद पोचेपर्यंत चालू राहिला तर ओळ पूर्ण झाली असं धरतात आणि गुण कापत नाहीत. दोन-तीन दिवसांचा खाडा यंत्र सोडून देतं. आणि फोनला ठरल्या वेळी रिंग देऊन आपोआप कट करायची सोय असते, लोक करतात.

“मी सांगितलं असं कुठे बोलू नका, ताई,” त्या म्हणाल्या आणि चहा अर्धा ठेवून गेल्या.

मी तसं केलं. आईचा फोन फ्रिजवर, औषधांच्या डबीशेजारी, चार्जरला लावून ठेवला. रोज एक चौदाला माझा फोन दोनदा वाजायचा आणि थांबायचा. यंत्राचं बोट चुकत नव्हतं. ग्रंथालयात पहिल्यांदा तो वाजला तेव्हा घाटगे सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग ते मासिकांच्या कपाटामागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी डबा उघडला आणि जेवले. भेंडीची भाजी होती.

गोदाकाकूंकडे आमची एक किल्ली असायची. दुपारी त्या कुंड्यांना पाणी घालायला यायच्या आणि कधीतरी एक चौदाला तिथे असायच्या. फोन आपसूक उजळतो, त्यावर तुझं नाव येतं, मग जातं, असं त्यांनी मला सांगितलं. त्यांनी दुपारी यायचं सोडलं आणि सकाळी यायला लागल्या.

“शालनला झोपू दे की गं आता,” एकदा जिन्यात आईविषयी म्हणाल्या.

मी म्हटलं, संक्रांतीपर्यंतच. घरात आता आईचाही फोटो आला होता आणि तोही कपाटावर टेकवलेला होता, बाबांच्या शेजारी. दार लागलं की दोन्ही घसरायचे.

सोळा डिसेंबरला नव्वद दिवस भरले. ओळ पूर्ण झाली आणि अंक सातशे सव्वीस झाला. बँकेने सातत्यपत्रिका मागवली. जुलैपासूनच्या सगळ्या नोंदी, छापील, प्रत्येक पानावर वर दिलेले तपशील बरोबर आहेत असं वाक्य आणि त्याखाली अर्जदाराची सही. शहाण्णव पानं निघाली. मी नदाफबाईंच्या ऑफिसात बसून सह्या करत होते. खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं आणि टेबल बारीक थरथरत होतं. चव्वेचाळिसाव्या पानावर सतरा सप्टेंबर आला.

दुपारी १.१४. शालन चौगुले. ० सेकंद. नियमित.

शेजारी हिरवी खूण होती. वरच्या सोळा तारखेला होती तशीच.

मी पेन खाली ठेवलं. काय झालं, असं नदाफबाईंनी विचारलं. मी म्हटलं, इथे दोन आणि पाच सारख्याच दिसतात. त्यांना काही कळलं नाही, म्हणून मग सगळं सांगावं लागलं. तोवर मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, काकूंनाही नाही. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

नदाफबाई कामाचं बोलल्या. केंद्र फक्त बोलण्याचा काळ घेतं, वाजण्याचा घेत नाही. न उचललेला कॉल किती वेळ वाजला हे फोन कंपनीकडे असतं, पण इकडे येत नाही. यंत्राला तो बुधवार इतर बुधवारांसारखाच दिसला.

“बदलता येतं?”

“येतं. दुरुस्तीचा अर्ज असतो. पण लोक तो अंक वाढवायला करतात, ताई.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वाजण्याची नोंद आत गेली की यंत्र ती ऑगस्टच्या त्या कॉलशी लावून बघणार. तेव्हा उचललात, सतराला नाही. म्हणजे धक्का सतरा तारखेच्या त्या कॉलपासून धरणार आणि पुढचं सगळं परत मोजणार. सातशे वीसच्या खाली जाल. संक्रांतीला तीन आठवडे राहिलेत.”

माहीत आहे, मी म्हटलं.

“आईंनीच सांगितलं होतं ना, उचलू नकोस म्हणून? त्यांना हे घर हवं होतं.”

आईला ते घर हवं होतं आणि मध्ये आता पन्नासेक सह्या होत्या. पण या पानावर सही करणं म्हणजे त्या दुपारी सगळं नेहमीसारखं झालं, असं माझ्या हाताने लिहून देणं. ग्रंथालयात काम करणाऱ्याला एक गोष्ट कळते. चुकीच्या कपाटात नीट लावून ठेवलेलं पुस्तक कुणालाही कधी सापडत नाही, आणि ते हरवलंय हेही कुणाला कळत नाही.

“अर्ज द्या,” मी म्हटलं.

नदाफबाईंनी आधी चहा मागवला. मला वाटतं, तेवढ्यात माझा विचार बदलेल अशी त्यांना आशा होती. चहा पिऊन झाल्यावर मी अर्ज भरला. सतरा तारखेची ओळ नियमित नाही, हे लिहिलं. फोन कंपनीकडून वाजण्याचा काळ मागवायला संमती दिली. वीस सप्टेंबरपासून पुढच्या रिंगा मीच लावलेल्या होत्या, हेही लिहिलं. ही पद्धत कोणी सुचवली, हा रकाना मी कोरा ठेवला. शेवटी स्क्रीनवर एक वाक्य आलं. या दुरुस्तीमुळे आपला अंक कमी होऊ शकतो, पुढे जायचं का? नदाफबाई खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत होत्या. मी हो दाबलं.

अंक सहाशे अडुसष्टवर आला, सुरुवातीपेक्षाही तीनने खाली.

मगदूमकाकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. टोपी हातात फिरवत राहिले आणि म्हणाले की अजून सहा महिने थांबलो असतो, पण मुलाने तिकडे जागेसाठी पैसे भरलेत. त्यांची त्यात काही चूक नव्हती. घर एका दातांच्या डॉक्टरने घेतलं. तो येऊन भिंतींवर पेन्सिलीने खुणा करून गेला, कुठे काय लावायचं त्याच्या.

जानेवारीच्या शेवटी मी जयसिंगपूरला, कॉलेजजवळ, दीड खोलीच्या जागेत राहायला गेले. टेम्पो भरून झाला तेव्हा गोदाकाकू जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात आमचीच एक वाटी होती. वाटीत तिळाच्या वड्या होत्या.

“पोचलीस की दोन रिंग दे,” त्या म्हणाल्या. “मला कळतं ते. तुझी आई रोज सांगायची, आली बघा तृप्तीची रिंग.”

“नको, काकू. तुम्ही उचलत जा.”

“उचलून बोलायचं काय?”

“ते बघू.”

नव्या जागेत पहिलं काम म्हणून मी मालकाला न विचारता भिंतीला खिळा मारला. जागा ठरवायला वेळ गेला. आईच्या मनात कुठली जागा होती ते आता कळणार नाही, आणि ती भिंतही ही नव्हती. खिळा वाकडा गेला. दोन फोटोंसाठी दुसरा मारावा लागला, तोही वाकडाच गेला, पण फोटो राहिले. मी दार जोरात लावून पाहिलं. हलले नाहीत.

संध्याकाळी केंद्राकडून पत्रिकेचं दुरुस्त केलेलं पान आलं.

१७ सप्टेंबर, दुपारी १.१४. शालन चौगुले. वाजला: २७ सेकंद. उचलला: नाही. धक्का: नोंदला. परतीचा काळ: सुरू आहे.

मी ते दोनदा वाचलं. मग खिडकीशी उभी राहून काकूंना फोन लावला. एक वाजली. दोन वाजल्या. माझा अंगठा सवयीने लाल खुणेकडे गेला आणि मी तो मागे घेतला. तिसरी वाजली.

“पोचलीस का?” काकू ओरडून बोलतात, अंतर जास्त असलं की आणखी मोठ्याने.

मला पोचले एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. सप्टेंबरात जे सापडलं नव्हतं ते वर येत होतं आणि ते थांबवायचं कसं हे मला आठवत नव्हतं. तिकडे भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग कुकरची एक शिट्टी. काकूंनी फोन ठेवला नाही. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“घे वेळ,” त्या म्हणाल्या. “कुकर व्हायला अवकाश आहे अजून.”